मोठ्या खुर्चीसाठी माणूस निवडताना

आयफोन किंवा मॅक घ्यायला लोक ज्या लखलखीत, मोकळ्या दुकानांत रांगा लावतात, त्या ॲपलच्या दुकानांची घडी रॉन जॉन्सन यांनी बसवली. त्याआधी ‘टार्गेट’ या अमेरिकन दुकानसाखळीतही त्यांनी नाव कमावलं होतं. २०११ मध्ये ‘जे. सी. पेनी’ या जुन्या, रोडावत चाललेल्या साखळीने त्यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणायचं ठरवलं, तेव्हा नुसत्या बातमीने कंपनीचा शेअर उसळला. जॉन्सन यांनी पदरचे पाच कोटी डॉलर कंपनीत घातले. म्हणजे हुशारी होती, अनुभव होता आणि नियतही साफ होती.

नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली. २०१२ च्या आर्थिक वर्षात विक्री साधारण १७ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर आली आणि कंपनीला जवळपास एक अब्ज डॉलरचा तोटा झाला. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं.

असं आपल्याकडेही घडतं. कारखान्यात, सहकारी बँकेत, शिक्षणसंस्थेत, रुग्णालयात ‘मोठ्या कंपनीतले साहेब’ येतात, हारतुरे होतात आणि दीड-दोन वर्षांत निरोप समारंभही होतो. मागे राहिलेले म्हणतात, ‘माणूस चुकीचा निघाला.’ पण तोच माणूस आधीच्या जागी यशस्वी होता, मग इथेच काय बिघडलं? याचं उत्तर बहुतेक वेळा निवड करणाऱ्यांनी काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं, यात सापडतं.

पेनीच्या दुकानात काय घडलं

पेनीत तोवर वर्षाला पाचशेहून अधिक सेल लागत. वस्तूवर चढी किंमत छापायची आणि मग कूपन, सवलत, ‘फक्त आज’ असं करत ती खाली आणायची, ही तिथली रीत. छापील किमतीला जवळजवळ काहीच खपत नसे. जॉन्सन यांना हा प्रकार पटला नाही. १ फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी कूपनांची आणि सेलची ही पद्धत मोडून रोजचा एकच सरळ, कमी भाव लावला.

हे प्रामाणिक होतं, पण ग्राहकाच्या बाजूने पाहा. समजा, तीस डॉलरचा शर्ट कूपन लावून पंधराला मिळाला, तर पंधरा डॉलर वाचल्याचं समाधान मिळे. तोच शर्ट पंधराचं लेबल लावून ठेवला, की तो स्वस्त आहे की महाग हे ठरवायला ग्राहकाकडे काही मापच उरलं नाही. ॲपलच्या दुकानात ही अडचण कधी आलीच नव्हती. तिथे वस्तूही ॲपलची आणि भावही ॲपलचा. पेनीतले टॉवेल, चादरी, शर्ट मात्र शेजारच्या चार दुकानांतही मिळत होते. आणि हा बदल दहा-वीस दुकानांत करून पाहण्याऐवजी सुमारे अकराशे दुकानांत एकदम लागू झाला.

संचालक मंडळाने जॉन्सन यांचं कर्तृत्व पाहिलं, ते खरंच होतं. मात्र त्या कर्तृत्वातला कोणता भाग कूपन कापून खरेदी करणाऱ्या ग्राहकापुढे चालेल, हा प्रश्न पुरेसा खोलात जाऊन विचारला गेला नाही.

यश माणसाचं किती, जागेचं किती?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी हाच प्रश्न आकड्यांनी तपासला. त्यांनी अमेरिकेतल्या ७८ गुंतवणूक बँकांमधले १,०५२ नामवंत शेअर-विश्लेषक घेतले आणि १९८८ ते १९९६ या काळातली त्यांची कामगिरी पाहिली. विश्लेषकच का निवडले? कारण हे काम वरकरणी एकट्याचं असतं. आपली बुद्धी, आपला अभ्यास, आपला संगणक. गुणवत्ता माणसासोबत जशीच्या तशी प्रवास करत असेल, तर ती इथे नक्की दिसायला हवी.

प्रत्यक्षात नोकरी बदललेल्यांपैकी ४६ टक्के विश्लेषकांची पुढच्या वर्षीची कामगिरी खराब झाली. कामगिरीतली घसरण सरासरी २० टक्क्यांच्या आसपास होती आणि पाच वर्षांनंतरही ती पूर्ण भरून निघाली नव्हती. जे आपल्या सहकाऱ्यांसह गेले, त्यांचं तुलनेने बरं चाललं.

देवगडच्या हापूसचं कलम घाटावर नेऊन लावलं, तर झाड जगतं, फळही धरतं, पण ती चव येत नाही. चवीत कलमाइतकाच तिथल्या कातळाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वाटा असतो. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या यशातही असे वाटेकरी असतात: मुरलेली टीम, बाजारातलं कंपनीचं नाव, तयार पद्धती, अडचणीला कुणाला फोन करायचा याची वर्षानुवर्षांची माहिती. राजीनामा देताना माणूस यातलं फार थोडं बरोबर नेऊ शकतो.

म्हणजे बाहेरचा माणूस आणूच नये, असं मुळीच नाही. १९९३ मध्ये आयबीएम तोट्यात रुतली होती, तेव्हा तिने लुई गर्स्टनर यांना आणलं. ते बिस्किटं आणि सिगारेटी विकणाऱ्या कंपनीतून आले होते, संगणक बनवण्याचा अनुभव शून्य. पण त्याआधी अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये असताना ते आयबीएमचे मोठे ग्राहक होते. कंपनीचे तुकडे करायचा बेत त्यांनी बाजूला सारला, कारण ग्राहकाला सगळं जुळवून देणारा एकच पुरवठादार हवा असतो हे त्यांनी काउंटरच्या पलीकडून अनुभवलं होतं. आयबीएमला नेमकी तीच नजर हवी होती आणि ती त्यांच्यासोबत आली.

आधी काम लिहा, मग माणूस शोधा

सगळ्यात मोठी चूक उमेदवार समोर येण्याआधीच होते. काम काय आहे हेच लिहिलेलं नसतं. जाहिरातीत ‘धडाडीचा, दूरदृष्टी असलेला, मोठ्या कंपनीत वीस वर्षांचा अनुभव’ अशी विशेषणं असतात. हे वर्णन कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पदाला लागू पडेल, म्हणून ते निवडीला उपयोगाचं नाही.

समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कौटुंबिक कारखाना आहे. दुसरी पिढी काम पाहते आणि आता बाहेरून मुख्य कार्यकारी अधिकारी आणायचा आहे. मालकांनी एका पानावर एवढंच लिहावं:

* पहिल्या अठरा महिन्यांत ग्राहकाकडून परत येणारा माल निम्म्यावर आला पाहिजे.
* सत्तर टक्के धंदा दोनच ग्राहकांवर आहे, तिसरा मोठा ग्राहक जोडला पाहिजे.
* नव्वद दिवस अडकणारी येणी साठ दिवसांवर आली पाहिजेत.
* दुसऱ्या फळीतली दोन माणसं मोठी जबाबदारी घेण्याइतकी तयार झाली पाहिजेत.

हे पान हातात आलं की शोधाची दिशाच बदलते. बलाढ्य कंपनीच्या उपाध्यक्षाने हजारो कोटींचा विभाग सांभाळला असेल, पण त्याच्या दिमतीला वित्त, कायदा, मनुष्यबळ, खरेदी असे स्वतंत्र विभाग होते. चाकणला एक हिशेबनीस आणि एक खरेदी अधिकारी असेल. त्याउलट मध्यम आकाराच्या कारखान्यात रिजेक्शन कमी करून दाखवलेला, शॉप फ्लोअरवर दिवसाचे तीन तास उभा राहणारा माणूस नावाने लहान, पण या पानाला जास्त जुळणारा निघेल.

याच टप्प्यावर आणखी एक चूक होते. आधीचा अधिकारी ज्यात कमी पडला, त्याच्या नेमका उलटा माणूस हवासा वाटतो. आधीचे साहेब पै-पैचा हिशेब करणारे होते, म्हणून आता मोठी स्वप्नं दाखवणारा हवा. आधीचे कडक होते, म्हणून आता गोड बोलणारा हवा. मग निवड संस्थेच्या उद्याच्या गरजेऐवजी कालच्या वैतागातून होते. लिहिलेलं पान समोर असलं, तर हा वैताग वेळीच ओळखता येतो.

मुलाखतीत फसगत कशी होते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये एक निरीक्षण मांडलं. लष्करातले वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या गुणांसाठी गुण देत, तेव्हा हे आकडे एकमेकांशी संशयास्पद वाटावेत इतके जुळत. एका बाबतीत माणूस आवडला की बाकी सगळ्या बाबतींत तो आपोआप चांगला ठरे. याला प्रभावळ-परिणाम म्हणतात.

वरिष्ठ पदाच्या मुलाखतीत हा परिणाम जास्त जोर धरतो, कारण समोरचा माणूस बोलण्यात तयार असतो. सभा जिंकणं हे त्याचं रोजचं काम असतं. उत्तम इंग्रजी, नावाजलेली संस्था, सहज वावर पाहून समितीचं मत पहिल्या काही मिनिटांत बनतं आणि उरलेला तास त्या मताला पुरावे गोळा करण्यात जातो.

यावर उतारा आहे आणि तो साधा आहे. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला आधी ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. मुलाखतीतले गुण आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध त्यांनी मोजला. इथे शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण जुळणी. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा आकडा आला ०.१९ आणि ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.४२. परिपूर्ण यातली एकही नाही, पण दोन्हींत दुपटीहून जास्त फरक आहे.

प्रश्नही बदलावे लागतात. ‘तुमची नेतृत्वशैली कोणती?’ याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. त्याऐवजी असं विचारावं: ‘गेल्या पाच वर्षांत तुम्ही बंद केलेलं एक काम सांगा. ते बंद करायला हवं हे आधी कुणाच्या लक्षात आलं? विरोध कुणी केला? त्या बैठकीत तुम्ही काय म्हणालात? आज तो निर्णय वेगळा घ्याल का?’ ज्याने काम स्वतः केलंय त्याच्याकडे तारखा, आकडे, माणसांची भांडणं असा तपशील असतो. ज्याने फक्त अहवालावर सही केलीय, तो तिसऱ्या प्रश्नापर्यंत पुन्हा सर्वसाधारण बोलू लागतो.

आणखी दोन पथ्यं पाळावीत. समितीतल्या प्रत्येकाने आपले गुण चर्चेआधी कागदावर लिहून द्यावेत. आणि सगळ्यात मोठ्या माणसाने सगळ्यात शेवटी बोलावं. अध्यक्षांनी सुरुवातीलाच ‘मला तर फार आवडले’ म्हटलं, की पुढची चर्चा औपचारिकता उरते.

शिफारसपत्रापलीकडची चौकशी

याहूने जानेवारी २०१२ मध्ये स्कॉट थॉम्पसन यांना मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलं. त्यांच्या अधिकृत परिचयात लेखाशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन विषयांतली पदवी लिहिलेली होती. कंपनीतल्या एका मोठ्या भागधारकाने मे महिन्यात जाहीर पत्र लिहून दाखवून दिलं, की पदवी फक्त लेखाशास्त्राची आहे. थॉम्पसन १९७९ चे पदवीधर. त्यांच्या कॉलेजात संगणकशास्त्राची पदवी मिळू लागली ती १९८३ मध्ये. त्याच मे महिन्यात थॉम्पसन यांना पद सोडावं लागलं. कॉलेजच्या कार्यालयात एक फोन केला असता तरी जी गोष्ट कळली असती, ती जगभरात बातमी झाल्यावर कळली.

कनिष्ठ कारकुनाची गुणपत्रिका आपण मूळ प्रतीशी ताडून पाहतो, पण मोठ्या माणसाकडे तीच मागायला संकोच वाटतो. ‘त्यांना कोण ओळखत नाही?’ या एका वाक्यावर चौकशी थांबते. एचपीच्या बाबतीत तर यापुढची गोष्ट घडली. २०१० मध्ये लिओ अपोथेकर यांची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तेव्हा बहुतेक संचालक त्यांना आधी भेटलेच नव्हते, असं नंतर प्रसिद्ध झालं. सप्टेंबर २०११ मध्ये, वर्षाच्या आतच, त्यांना दूर करण्यात आलं.

चौकशी नीट कशी करायची? उमेदवाराने दिलेल्या तीन नावांवर थांबू नये, कारण ती नावं चांगलं बोलणाऱ्यांचीच असतात. त्याच्या संमतीने आणखी तीन प्रकारची माणसं गाठावीत: एक जुने वरिष्ठ, एक बरोबरीचे आणि एक हाताखाली काम केलेले. हाताखालचा माणूस जे सांगतो ते बाकी दोघांना दिसलेलंच नसतं. ‘ते कसे आहेत?’ असं विचारलं की ‘फार चांगले’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारावं, ‘त्यांना कोणत्या प्रकारचं काम देऊ नये?’ किंवा ‘ते गेल्यावर त्यांच्या विभागाचं काय झालं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विशेष मोलाचं असतं. माणूस गेल्यावरही विभाग नीट चालला असेल, तर त्याने माणसं घडवली होती, असं समजायला हरकत नाही.

शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरवा

पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसने २०१४ मध्ये पहिल्यांदा संस्थापकांबाहेरचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. एसएपी या जर्मन कंपनीतून आलेले विशाल सिक्का. त्यांच्या काळात वार्षिक महसूल सव्वाआठ अब्ज डॉलरवरून दहा अब्जांच्या वर गेला. पण वरिष्ठांचे पगार, माजी वित्तप्रमुखांना निरोप देताना ठरलेली रक्कम आणि पनाया या कंपनीची २० कोटी डॉलरची खरेदी यांवरून संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाला. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्का यांनी राजीनामा दिला आणि त्या दिवशी शेअर जवळपास दहा टक्क्यांनी पडला.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. संस्थापकांपैकीच एक, नंदन नीलेकणी, अध्यक्ष म्हणून परतले आणि जानेवारी २०१८ मध्ये कॅपजेमिनीतून सलील पारेख मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. पारेखही बाहेरचेच, तरी त्यांनी जम बसवला आणि २०२२ मध्ये त्यांना आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. तेव्हा अडचण ‘बाहेरचा’ असण्यात नव्हती. संस्थापक, मंडळ आणि अधिकारी यांचं आपसात किती जुळलंय, यावर पुष्कळ काही ठरतं.

कौटुंबिक धंद्यात हे रोज दिसतं. नवे साहेब रुजू होतात, पण यंत्र बंद पडलं की सुपरवायझर अजून ‘दादां’नाच फोन लावतो. दादाही मायेपोटी फोन उचलतात आणि मार्ग सांगतात. महिन्याभरात सगळ्या कारखान्याला कळतं, की खरा निर्णय कुठे होतो. म्हणून नेमणुकीआधीच लिहून काढावं: किती रकमेपर्यंतची खरेदी अधिकाऱ्याने विचारल्याशिवाय करावी, जुन्या माणसांना काढण्या-नेमण्याचा अधिकार कुणाचा, मालकांकडे कोणते तीन-चार निर्णय राहतील. हे उमेदवाराला दाखवावं. ज्याला ते मान्य नाही, तो आधीच नकार देईल आणि त्यात दोघांचंही भलं आहे.

निरोपाच्या अटीही याच वेळी ठरतात. ‘होम डेपो’ या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रमुख रॉबर्ट नार्डेली २००७ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्यांना मिळणाऱ्या सुमारे २१ कोटी डॉलरवरून मोठा गदारोळ झाला. अशी रक्कम बहुतांशी येतानाच्या करारात लिहिलेली असते. तेव्हा सगळे आनंदात असतात आणि ते कलम कुणी नीट वाचत नाही.

बाहेर पाहण्याआधी आत पाहा

मुंबईच्या टीसीएसमध्ये फकीरचंद कोहलींनंतर एस. रामदुराई, एन. चंद्रशेखरन, राजेश गोपीनाथन आणि २०२३ पासून के. कृतिवासन अशी सूत्रं हाती आली. सगळे आतलेच. एचडीएफसी बँकेत आदित्य पुरी १९९४ पासून प्रमुख होते. २०२० मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा १९९६ पासून बँकेत असलेले शशिधर जगदीशन यांनी जबाबदारी घेतली.

आतल्या माणसाबद्दल संस्थेकडे वीस वर्षांची माहिती असते. बाहेरच्याबद्दल चार भेटींची. अडचण अशी, की आतल्याचे दोषही आपल्याला पाठ असतात, बाहेरच्याचे मात्र अजून दिसलेले नसतात. त्यामुळे तुलनेत बाहेरचा नेहमीच उजळ वाटतो. यावर उपाय एकच: दोघांनाही तेच पान, तेच प्रश्न आणि तेच निकष लावायचे.

ही तयारी आधी केलेली असेल, तरच जमते. सेबीच्या नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची रिकामी जागा साधारणपणे तीन महिन्यांत भरावी लागते आणि वारसदारीची योजना तयार आहे ना, हे मंडळाने पाहणंही अपेक्षित आहे. पहिला नियम पाळताना दुसऱ्याची किंमत कळते. योजना नसेल, तर तीन महिन्यांत जो मिळतो तोच ‘योग्य’ वाटू लागतो.

रुजू झाल्यानंतर

निवड झाली म्हणजे काम संपलं, असं समजणं ही शेवटची चूक. नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीला ग्राहक, पुरवठादार आणि कामगार यांना भेटायला वेळ द्यावा. जुन्यांपैकी एका जाणत्याने त्याला संस्थेच्या अलिखित रीती सांगाव्यात. मोठे बदल आधी एका विभागात करून पाहावेत. आणि दर महिन्याला ते कामाचं पान मध्ये ठेवून मंडळाने त्याच्याशी मोकळेपणाने बोलावं. सहाव्या महिन्यात कळलेली अडचण सोडवता येते, अठराव्या महिन्यात कळली की राजीनाम्याची भाषा सुरू होते.

वरिष्ठ माणूस चुकीच्या जागी बसला, की नुकसान ताळेबंदापुरतं राहत नाही. त्याच्या भरवशावर चांगली नोकरी सोडून आलेले सहकारी, बढतीची वाट पाहून निघून गेलेले आतले लोक, स्वतः तो अधिकारी आणि त्याचं घरदार, सगळ्यांनाच त्याची झळ बसते. म्हणून निवड समितीने आणखी एक गोष्ट करावी. ‘आम्ही या व्यक्तीला का निवडलं आणि कोणत्या शंका उरल्या’ हे नेमणुकीच्या दिवशी लिहून ठेवावं आणि वर्षाने उघडून वाचावं. आपण माणसं कशी पारखतो, कुठे भुलतो, हे त्यातून कळतं आणि पुढची निवड त्या माहितीवर उभी राहते.

चौकट : थोडक्यात

* विशेषणं नकोत. पहिल्या अठरा महिन्यांत काय साधायचं, ते एका पानावर लिहा.
* उमेदवाराच्या यशात त्याचा वाटा किती आणि आधीच्या संस्थेचा किती, हे वेगळं करून पाहा.
* आधीच्या अधिकाऱ्यावरचा राग नव्या निवडीत आणू नका.
* सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. गुण चर्चेआधी लिहा. अध्यक्षांनी शेवटी बोलावं.
* पदवी आणि नोकरीच्या तारखा मुळातून तपासा. हाताखाली काम केलेल्यांशी बोला.
* अधिकार आणि निरोपाच्या अटी नेमणुकीआधी लेखी ठरवा.
* आतल्या आणि बाहेरच्या उमेदवाराला एकच मोजपट्टी लावा.
* रुजू झाल्यावर निदान सहा महिने नियमित आढावा घ्या.